वेळ बरोबर, चाल लंगडी

साखर कारखान्याचा भोंगा बंद झाला आणि आमच्या तालमीतलं घड्याळ पोरकं झालं.

भोंगा होता तोवर सगळं सुरळीत होतं. दुपारचा भोंगा वाजला की वस्ताद बाबगोंडा स्टुलावर चढायचे, घड्याळाची काच उघडायचे आणि मोठा काटा भोंग्याशी जुळवायचे. पुढं कारखाना साखरेपेक्षा विमानांचं इंधनच जास्त काढायला लागला. पाळी बदलल्याची वर्दी कामगारांना मनगटावरच्या पट्टीत यायला लागली. भोंगा कुणाला नको होता, फक्त तालमीला हवा होता. कारण तालमीत मनगटपट्टी, फोन, बोलका चष्मा, काहीच चालत नसे. दाराशी वेताची एक पाटी होती. असलं सगळं तिच्यात उतरवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा, हा वस्तादांचा नियम. आत वेळ सांगणारं एकच, ते घड्याळ.

घड्याळ होतंही तसंच देखणं. दोन हात उंच शिसवी पेटी, पितळेचा लंबक, पांढऱ्या तबकडीवर काळे आकडे. वस्तादांच्या आज्ज्यानं संस्थानच्या मैदानात मोठी कुस्ती मारली, तेव्हा सरकारांनी ते बक्षीस दिलं होतं. वर एक जाड खिळा, खाली भिंतीला टेकलेले दोन टोकदार पाय, अशी त्याची बैठक. आमच्या पोरांचे दंड त्याच्या ठोक्यावर चालायचे. टिकला खाली, टकला वर. मोजायचं काम घड्याळाचं, घाम गाळायचं काम पोरांचं.

भोंगा गेल्यावर ते दर आठवड्याला थोडं थोडं मागं पडत गेलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तालमीत सगळेच मागं पडत होते. मग एक दिवस मल्लू पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला निघाला आणि त्याची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत गेली. परत येऊन तो आखाड्याच्या काठावर बसला आणि म्हणाला, "वस्ताद, नदीला पूर येऊन भरती हुकली असती तर सोसलं असतं. घड्याळानं खाल्ली की हो माझी भरती!"

मल्लूचा स्वभाव चेष्टेचा. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. वस्ताद बाहेर गेले, पाटीतला आपला फोन उचलला आणि लेकीला लावला.

राजमती कोल्हापुरात एका महाविद्यालयात शिकवायची. सूक्ष्म वेळ मोजणारी यंत्रं हा तिचा विषय. वय पंचेचाळीसच्या आसपास, केस अर्धे पिकलेले, पण वडिलांसमोर अजून पदर सावरून बसायची. एवढं शिकलेली ही लेक तालमीच्या आत मात्र कधी आली नव्हती. आमच्या आखाड्याच्या मातीला बाईमाणसाचा पाय लागत नसे. बाहेर जग कुठल्या कुठं गेलं, बाजूच्या गावची पोरगी देशासाठी पदक घेऊन आली, तिची मिरवणूक आमच्याच तालमीवरून गेली. वस्तादांनी स्वतः तिला फेटा बांधला. पण बाहेर, कट्ट्यावर.

आता अडचण अशी की घड्याळ पलीकडच्या भिंतीवर, मधे पूर्ण आखाडा. राजमती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. वस्ताद तिच्याकडं बघेनात.

"आबा, उडत येऊ?"

"थांब की जरा," वस्ताद म्हणाले. "मल्लू, ती सागवानी फळी आण."

पोरांनी आखाड्याच्या या काठावरून त्या काठावर लांब फळी टाकली. राजमती चप्पल काढून फळीवरून चालत गेली. मधेच फळी लवली, तशी सगळ्या पैलवानांनी एकदम श्वास धरला.

"अक्का, पडला तर आम्ही झेलू," मल्लू म्हणाला.

"पडले तर माती बाटेल ना रे. तुम्ही मला झेलणार का मातीला?"

वस्ताद खिडकीतून बाहेर नदी बघत राहिले.

तिनं काय बसवलं ते तिनं आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. लंबक लांब असेल तर सावकाश हलतो, आखूड असेल तर भरभर. उन्हाळ्यात पितळ तापून केसभर वाढतं आणि घड्याळ मागं पडतं. थंडीत उलट. तेल सुकलं, हवा जड झाली, तरी फरक पडतो. यात घड्याळाचा दोष नाही, तो पदार्थाचा धर्म आहे. यावर तिचा उपाय असा. लंबकाच्या तळाशी मुगाएवढा लोहचुंबक चिकटवायचा. पेटीच्या तळाला तांब्याच्या तारेचं एक वेटोळं ठेवायचं. शेजारी प्रकाशाचा एक बारीक किरण सोडायचा. लंबक दर खेपेला तो किरण कापतो, तो नेमका कधी कापला हे एक चकती टिपते. त्या चकतीत अणूंच्या कंपनावर चालणारं घड्याळ असतं, शेंगदाण्याएवढं. पूर्वी त्याला खोलीभर यंत्र लागायचं. लंबक मागं रेंगाळला की वेटोळ्यात क्षणभर वीज सोडायची आणि चुंबकाला अगदी हलका हात द्यायचा. पुढं धावला तर तसाच हलका हात आडवा लावायचा.

"म्हणजे घड्याळाच्या आत दुसरं घड्याळ?" वस्तादांनी विचारलं. त्यांच्या आवाजात नाराजी होती. "मग आमचं घड्याळ नुसतं दाखवायला?"

"नाही आबा. चालायचं तुमच्याच घड्याळानं. चावी तुम्हीच द्यायची. हे फक्त बाजूला उभं राहून बघणार. पाय घसरला तर सावरणार."

"पंच म्हणा की," मल्लू म्हणाला.

तेच नाव पडलं. चकती-वेटोळ्याच्या त्या डब्याला सगळे पंच म्हणायला लागले.

"आन् ह्यो तुझा पंच तुला कळवतो कसं?"

"दिवसातून एकदा मला निरोप पाठवतो. किती वेळा हात द्यावा लागला, कधी लागला, एवढंच."

"म्हणजे तालमीत फोन आलाच की शेवटी!" वस्ताद म्हणाले. पण त्यांनी डबा काढायला लावला नाही.

खरं सांगतो, त्यानंतरचे महिने बघण्यासारखे होते. घड्याळ एक सेकंदही चुकेना. एसटीचे चालक तालमीच्या खिडकीत डोकावून आपली वेळ जुळवायला लागले. वस्ताद आल्यागेल्याला घड्याळ दाखवायचे आणि म्हणायचे, "आज्ज्याच्या वयाचं हाय, पण अजून श्वास बरोबर हाय त्याचा." लेकीचं नाव घेत नसत, पण तिनं आणलेल्या तेलाची बाटली त्यांनी मारुतीच्या तसबिरीशेजारी ठेवली होती.

श्रावणात नेहमीसारखा पूर आला. पाणी तालमीच्या पायरीला लागून परत फिरलं. त्यानंतर काही दिवसांनी राजमतीचा फोन आला. वस्ताद कट्ट्यावर होते, मीही शेजारी होतो.

"आबा, घड्याळाला कुणी हात लावतंय का?"

"कोण लावंल? हात मोडून ठेवीन."

"पूर ओसरल्यापासून रोज पहाटे लंबकाच्या चालीत मोठा झटका दिसतो. दिवसभर चाल हळूहळू एका बाजूला जाते आणि पहाटे एकदम मधे येते."

"तुझा पंच झोपत असंल."

"पंच झोपत नाही, आबा."

"मग आमीच खोटं बोलतो व्हय?" वस्तादांनी फोन ठेवून दिला. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या गाडीनं राजमती आली. कुणाला न सांगता कट्ट्यावर, खिडकीबाहेर बसली. लहानपणी ती इथंच बसायची. आत दंड चालायचे, बाहेर ही ठोके ऐकायची. त्या पहाटे तिनं खिडकीतून पाहिलं. वस्ताद आत आले. मारुतीला हात जोडले. मातीला हात लावून कपाळाला लावला. स्टुलावर चढले, काच उघडली, चावी दिली, काच लावली. मग डोकं तिरकं करून क्षणभर ऐकलं आणि उजव्या अंगठ्यानं पेटीचा खालचा कोपरा किंचित ढकलला. पुन्हा ऐकलं. उतरले. जाताजाता एक वाकडी तसबीर सरळ केली, गदांच्या रांगेतली एक गदा सरळ केली.

"आबा!" ती खिडकीतून ओरडली. "आत्ता काय केलंत?"

वस्ताद दचकले. "चावी दिली की."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? उतरलो."

"अंगठा लावलात पेटीला."

"त्याला का हात लावणं म्हंत्यात? घड्याळ सरळ केलं. रोजच करतो. वाकडं धोतर माणूस सरळ करतो, तसं." वस्ताद बोलत होते आणि बोलता बोलता स्वतःच थांबले. ते खोटं बोलले नव्हते. पन्नास वर्षं तो अंगठा त्यांच्या नकळतच लागत होता. तालमीत काही वाकडं दिसलेलं त्यांना खपत नसे. आणि वाकडेपणा त्यांना दिसण्याआधी ऐकू यायचा.

फळी टाकली गेली. राजमती भिंतीपाशी गेली आणि पेटीच्या पायांखाली बघत राहिली. गेल्या दिवाळीचा चुना तिथं पांढरा शुभ्र होता आणि त्यात पायाच्या टोकानं ओढलेली एक रेघ होती. जवाएवढी लांब.

"घड्याळ भिंतीबरोबर कलतं," ती म्हणाली. "लंबक कलत नाही. तो सरळ पृथ्वीच्या पोटाकडं बघत लोंबतो. म्हणून पेटी कलली की एका बाजूचा ठोका लवकर पडतो, दुसऱ्या बाजूचा उशिरा. तुम्हाला ते ऐकू येतं, तुम्ही पेटी सरळ करता. पण आबा, पेटी रोज कलते का? ती खिळ्यानं भिंतीला बांधलीय. मग कलतंय काय?"

घड्याळ चालू होतं. टिक टक, टिक टक, अगदी सारखं.

"वर्षात जवभर रेघ. या मापानं चाळीस फुटी भिंतीचं नदीकडचं टोक दीडेक इंच खचलं असणार. खाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पूर तिला आतून धुऊन नेतो."

त्या भिंतीशी रात्री चौदा पोरांच्या वळकट्या पडायच्या. आणि दसऱ्याला तालमीचा सव्वाशे वर्षांचा सोहळा होता. आत पाय ठेवायला जागा राहणार नव्हती.

तालमीचे अध्यक्ष सुकुमारअण्णा मोटारीतून आले. मांडव, पाहुणे, फेटे, सगळं ठरलं होतं. त्यांनी भिंतीवर थाप मारून बघितली. भिंत दगडासारखी वाजली. "राजूताई, तुझं शिक्षण मोठं, मान्य. पण डब्याच्या सांगण्यावरनं तालीम बंद करायची? उद्या डबा म्हणंल नदीच वाकडी हाय, मग नदी हलवायची व्हय?"

पोरं हसली. राजमतीही हसली, पण तिचे डोळे वडिलांवर होते.

"डब्याचं ऐकू नका अण्णा. घड्याळाचंच ऐका. आठ दिवस कुणी त्याला सरळ करायचं नाही. मी चुकले असेन तर चाल आहे तशीच राहील, आणि मी पंच काढून घेऊन जाईन. आणि तोवर पोरांनी शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं."

सगळ्यांनी वस्तादांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. पण ते किती मोठं कबूल करून बसले होते ते आम्हाला पुढच्या आठ दिवसांत कळलं.

पहिल्या दिवशी काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्ताद अस्वस्थ झाले. चावी देऊन उतरताना त्यांचा अंगठा आपोआप पेटीकडं गेला आणि मल्लू ओरडला, "वस्ताद, फाऊल!" त्या दुपारी त्यांनी उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली.

"दुखावला का हो?" मी विचारलं.

"दुखावला न्हाई. बांधून घातलाय."

चौथ्या दिवशी आम्हालाही ऐकू यायला लागलं. टिक टक... टिक टक... एका ठोक्यानंतर लहान थांबा, दुसऱ्यानंतर मोठा. एका पायात चप्पल घालून माणूस चालावा तसं. गंमत अशी की तबकडीवरची वेळ बिनचूक होती. एसटीचा चालक येऊन आपली वेळ जुळवून गेला. पंच आपलं काम करत होता. लंबकाची प्रत्येक पूर्ण खेप वेळेवर होत होती, फक्त खेपेचे दोन अर्धे भाग सारखे पडत नव्हते. वेळ बरोबर, चाल लंगडी.

सहाव्या दिवशी पोरांचे दंड चुकायला लागले. रांगेतलं एक पोरगं खाली, तर शेजारचं वर. कुणाचं कपाळ कुणाच्या कोपरावर आपटलं. मल्लू मातीत पालथा पडून हसत सुटला. "वस्ताद, ह्या घड्याळाबरोबर दंड काढायचे तर एक हात लांब पायजे!"

एरवी वस्तादांनी त्याला तिथंच शंभर बैठका सांगितल्या असत्या. त्या दिवशी ते भिंतीला पाठ लावून बसले होते, डोळे मिटून. तो लंगडा आवाज त्यांच्या अंगावर पडत होता आणि ते सोसत होते. राजमती फळीवरून गेली आणि त्यांच्याशेजारी बसली.

"तुला कवा कळली गं ही चाल? डब्यानं सांगायच्या आदी?"

"पंच बसवला त्याच दिवशी शंका आली होती, आबा. ठोका तेव्हाच किंचित लंगडा वाटला. तसा तो माझ्या लहानपणी नव्हता."

"तुला काय ठावं लहानपणीचा?"

"खिडकीबाहेर दहा वर्षं ऐकलाय."

वस्तादांनी डोळे उघडले.

आठव्या दिवशी सुकुमारअण्णा आले. घड्याळापुढं उभे राहिले. त्यांनी ऐकलं, मान खाली घातली, पुन्हा ऐकलं. तरी माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "जुनं यंत्र हाय. बिघडलं असंल. बाबगोंडा, तुमचं काय म्हणणं? तुमी म्हणाल तसं."

आता गोष्ट एका माणसाच्या जिभेवर येऊन थांबली. वस्ताद 'चालू द्या' म्हणाले असते तर सोहळा झाला असता. त्यांच्या आज्ज्याची तालीम, बापाची तालीम, आणि सव्वाशेव्या वर्षी ती बंद करणारा तिसरा. तेही लेकीच्या शब्दावर, जिला त्यांनी आखाड्याच्या मातीत पाय ठेवू दिला नव्हता. गावात काय बोललं जाईल हे त्यांना पाठ होतं.

ते उठले. अंगठ्याची चिंधी सोडली.

"अण्णा, घड्याळ बिघडलं न्हाई. ते रोज सांगत हुतं आन् मी रोज त्याला गप करत हुतो. मला वाटायचं, घड्याळ वाकडं हाय. घड्याळ सरळ हुतं. भिंत वाकडी हाय." मग पोरांकडं वळून म्हणाले, "तसबिरी उतरवा. गदा बाहेर काढा. आजपासनं तालीम नदीच्या वाळूत."

नदीकडच्या कोपऱ्यात तसबिरी दाटीनं लावलेल्या होत्या. सगळ्यात शेवटी आज्ज्याची उतरली आणि तिच्यामागं छतापासून जमिनीपर्यंत गेलेली चीर दिसली. तळहात उभा आत जाईल एवढी. सुकुमारअण्णांनी तिच्यात हात घातला आणि पटकन बाहेर काढला.

मल्लूनं बाहेरच्या बाजूनं कोपऱ्यात पहार मारली. पहिला घाव, दुसरा घाव. तिसऱ्याला पहार त्याच्या हातातून निसटली आणि सरळ खाली गेली. क्षणभरानं खालून पाण्याचा आवाज आला.

मल्लू मागं सरकला आणि जिथं त्याची वळकटी पडायची तिकडं बघत राहिला.

दसऱ्याचा सोहळा वाळूत झाला. पाहुणे आले, फेटे बांधले, कुस्त्या रंगल्या. सुकुमारअण्णांनी भाषणात पंचाचं कौतुक अशा थाटात केलं, की जणू तो त्यांनीच बसवायला सांगितला होता. राजमती टाळ्या वाजवत होती.

पुढं ही गोष्ट आमच्या तालमीपुरती राहिली नाही. नदीकाठच्या गावागावांत माळ्यावरची जुनी घड्याळं खाली आली. देवळातली, कचेरीतली, सावकाराच्या बैठकीतली. राजमतीच्या विद्यार्थ्यांनी त्यांना पंच बसवले. एक घड्याळ आपल्या भिंतीपुरतं बोलतं, पण शे-दोनशे घड्याळं एकदम बोलायला लागली तेव्हा पूर ओसरल्यावर काठची जमीन कुठं कुठं दबते, याचा नकाशाच तिच्यापुढं उभा राहिला. दोन शाळा आणि एक दवाखाना त्यामुळं वेळेत रिकामे झाले. वेळ सांगण्यासाठी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, ती म्हातारी यंत्रं जमिनीची नाडी धरून बसली. मला हे फार मोठं वाटतं. नवी विद्या जुन्याला अडगळीत टाकते, हेच आम्ही जन्मभर पाहत आलो होतो.

भिंतीचं काम उन्हाळ्यापर्यंत चाललं. पाया खोल नेला, काँक्रीट भरलं. घड्याळ पुन्हा त्याच खिळ्यावर चढलं, पण पंच अजून जोडायचा होता. राजमती त्यासाठी आली. आखाडा नव्यानं खणला होता. तांबडी माती, ताक, हळद, तेल, लिंबू घालून पोरांनी ती मळून ठेवली होती. वास दारापर्यंत येत होता. ती सवयीनं काठाशी थांबली.

"फळी कुठाय रे?"

"फळी भिंतीला टेकू द्यायला गेली, अक्का," मल्लू म्हणाला. "तिथंच काँक्रिटात अडकली. आता काय निघत न्हाई."

दुसरी फळी आणायला तो निघाला तेव्हा वस्तादांनी हातानं त्याला थांबवलं. ते पलीकडं घड्याळाखाली उभे होते.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "घड्याळ इकडं हाय."

राजमती जागची हलली नाही. तिला बहुतेक खरं वाटलं नाही.

"आत येताना मातीला हात लावून कपाळाला लावत्यात. एवढं ठावं असंल की तुला. खिडकीतनं बघितलंयस ना?"

ती वाकली. मातीला हात लावला, कपाळाला लावला. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. माती मऊ होती, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. पोरं दोन्ही बाजूंना उभी होती. ती पलीकडं पोचली तेव्हा वस्तादांनी तिला स्टुलावर चढायला हात दिला.

तिनं पंच जोडला, काच लावली आणि कान दिला. वस्तादांनीही कान दिला.

टिक टक, टिक टक.

"सरळ हाय?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहे, आबा."

वस्तादांचा अंगठा उचलला गेला होता. त्यांनी तो खाली घेतला आणि पोरांकडं वळले. "काय बघताय रं? लागा दंडाला."